सोवळ्यातली नळी

काहीतरी मिळावं म्हणून जन्मभर धडपडणारी माणसं मी खंडीभर पाहिली आहेत. कुणाला जमीन हवी असते, कुणाला मान हवा असतो, कुणाला निदान लग्नाच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसायला हवं असतं. पण 'काहीही नसणं' मिळावं म्हणून जिवाचं रान करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असावा, आणि तो नेमका माझा धाकटा दीर निघाला. भावोजी निर्वाताचे इंजिनिअर होते. म्हणजे बंद भांड्यातली हवा काढून टाकायची हा त्यांचा धंदा. आता हवा काढायची म्हणजे किती काढायची, याला काही सुमार? इतरांना वाटावं की झालं, संपली सगळी हवा, आता घरी जाऊन जेवावं. तिथून पुढे भावोजींचं काम सुरू व्हायचं. लग्नाच्या बाजारात त्यांचं स्थळ घेऊन गेलं की मुलीचे वडील विचारायचे, "मुलगा करतो काय?" आणि आमचे हे प्रामाणिकपणे सांगायचे, "नळीतली हवा काढतो." पुढची बोलणी बहुधा तिथेच थांबत.

तेव्हा, साठीच्या त्या दशकात, माझे यजमान मुळशी धरणाच्या अलीकडच्या एका गावात शाळामास्तर होते. धरणाची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतून थेट मुंबईला जायची आणि आम्ही खाली कंदिलाच्या काचा पुसत बसायचो. गावामागच्या डोंगरात फार पूर्वी कधीतरी खोदायला घेऊन अर्ध्यावर सोडून दिलेला एक बोगदा होता. वटवाघळं सोडली तर त्याला कुणी वाली नव्हता. तिथे एक वेधशाळा होणार असं कळलं, आणि तिच्या कामावर खुद्द भावोजीच मुंबईहून आमच्या घरी राहायला आले. वेधशाळा म्हटल्यावर गावाला वाटलं, घुमट उठेल, दुर्बीण येईल, गुरूचे चंद्र बघायला मिळतील. आली ती पोलादाची लांबच लांब नळी. भावोजींनी समजावलं, की ही वेधशाळा वर बघणारी नाही, खाली बघणारी आहे. नळीच्या एका टोकाकडून उजेडाची बारीक रेघ सोडायची, दुसऱ्या टोकाच्या आरशावरून ती परत यायची. पायाखालची जमीन केसाच्या जाडीच्या कितव्या तरी हिश्शाएवढी ताणली तरी परतलेला उजेड ते सांगणार. मात्र नळीत हवा असेल तर उजेड थरथरतो, चैत्रात डांबरी रस्त्यावर समोरचं थरथरताना दिसतं ना, तसा. म्हणून हवा काढायची. ही नळी नुसती वानगी होती. दिवाळीनंतर मुंबईची मोठी मंडळी येणार, तोवर निर्वात मोजणाऱ्या गेजचा काटा ठरल्या खुणेवर आला, तर मैलभर लांबीची खरी वेधशाळा मुळशीतच बांधणार. नाही आला तर ती दुसऱ्या कुठल्या तरी प्रांतात जाणार. भावोजींनी गेजच्या काचेवर ती खूण तांबड्या शाईनं करून ठेवली होती. ते त्या खुणेकडे बघायचे तसं एखाद्या मुलीकडे बघितलं असतं तर आमच्या घरात केव्हाच जाऊ आली असती.

त्या नळीला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा पहिला नियम. बोटाच्या ठशाला तेलाचा अंश असतो आणि तो नळीच्या आत राहिला तर आठवडेच्या आठवडे वाफ सोडत बसतो, म्हणे. म्हणून बोगद्याच्या तोंडाशी घंगाळ, साबण, मग स्पिरिटची बाटली, मग धुतलेले कपडे, तोंडाला फडकं आणि हातात सुती पांढरे मोजे. हे मोजे धुण्याचं काम माझ्याकडे आलं. ते उकळायचे किती, पिळायचे कसे आणि मुख्य म्हणजे वाळत घालायचे कुठे, याची शिकवणी मला मिळाली. शेजारच्या घरात फोडणी पडायच्या आत ते दोरीवरून उतरलेच पाहिजेत. मी एकदा विसरले, तर भावोजींनी मोजा नाकाशी धरून शेजारणीच्या आमटीत लसूण होता की हिंग, हे सांगितलं आणि सगळे मोजे पुन्हा उकळायला लावले. गंमत अशी, की याच गृहस्थांनी कॉलेजात असताना आईच्या सोवळ्याच्या धाबळीवरून वाद घालून घर डोक्यावर घेतलं होतं. सासूबाई एकदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना बोगदा दाखवायला नेलं. आतून भावोजी पांढऱ्या वस्त्रांत, तोंड बांधलेले, दोन्ही हात वर धरून ओरडले, "दूर, दूर! आई, शिवू नकोस!" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "उशिरा का होईना, पोर वळणावर आलं," असं म्हणून त्यांनी तिथूनच नळीला हात जोडले. भावोजींच्या सोवळ्यात मात्र जातपात नव्हती. हात धुतले की गावातला कुणीही आत जाऊ शकत होता, आणि त्या काळात गावातल्या देवळातही हे होत नव्हतं.

गळती या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता, आणि हा माणूस येऊन राहिला कुठे, तर मुळशीत! आमच्याकडे आषाढ-श्रावणात छप्पर गळतं, भिंती पाझरतात, छत्र्या गळतात. माणसं त्यात सुखानं नांदतात, गळतं तिथे घमेलं ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. भावोजींना ते सोसायचं नाही. एकदा ज्येष्ठात गावातल्या लग्नात जेवता जेवता त्यांच्या शेजाऱ्याच्या पानात वरून पाण्याचा थेंब पडला. भावोजी उष्ट्या हातानं उठले, शिडी मागितली, कौलावर चढले आणि श्रीखंडाची वाटी विरघळून गेली तरी खाली उतरले नाहीत. वधूपित्याला वाटलं पाहुणा रुसला. पौडच्या रस्त्यावर एकदा एस. टी.चं चाक पंक्चर झालं, तर हे खिडकीतून अर्धे बाहेर. "ओळीनं आवळू नका हो! समोरासमोरचे नट घ्या, आधी हलके, मग घट्ट!" ड्रायव्हर म्हणाला, "पावनं, तुमी गाडीत बसा. आमी लग्नाच्या आदीपासून चाकं बदलतोय." तरी भावोजी उतरलेच, आणि त्या चाकाला त्यांनी जो न्याय दिला तो पाहायला सगळी गाडी खाली आली. माझ्या लोणच्याच्या बरणीचं फडकंदेखील ते याच रीतीनं बांधत, समोरासमोरची चूण धरत. ते होते तोवर माझं लोणचं एकदाही बुरसलं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

बढाई मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वाक्य एकच, पण ते मान ताठ करून म्हणत : "माझा सांधा गळत नाही." नळीचे तुकडे जिथे एकमेकांना जोडले होते तिथे प्रत्येक ठिकाणी तांब्याची चकती, तिच्यावर पोलादाचं कडं, कड्यावर बोल्टांची रांग. तो प्रत्येक सांधा त्यांनी स्वतः आवळलेला. आणि खोटं बोलणं तर त्यांना जमतच नसे. काटा खुणेच्या एवढासा अलीकडे असला तर "आलाच म्हणा" असं ते मेले तरी म्हणायचे नाहीत. शेजारणीनं हौसेनं पुरणपोळी पाठवली, की मी ताटाखालून त्यांचा पाय दाबायची. त्याचा उपयोग व्हायचा नाही. "पुरण उत्तम आहे," ते म्हणायचे, "कडा जाड आहेत."

नळीचा एक भाग सतत थंड ठेवायचा असे, त्यासाठी पुण्याहून द्रवरूप नायट्रोजन आणावा लागे. बर्फाहून कितीतरी पटींनी थंड असा हा पदार्थ एका मोठ्या चंबूत घेऊन भावोजी एस. टी.नं येत. त्या चंबूचं बूच घट्ट लावलं तर तो फुटतो, म्हणून वर नुसता कापसाचा बोळा. आयुष्यात ही एकच वस्तू त्यांना गळती ठेवावी लागली, आणि सबंध प्रवासभर ते त्या बोळ्याकडे दुःखानं बघत बसत. पहिल्याच खेपेला कंडक्टर म्हणाला, "ओ साहेब, भांड्यातनं धूर निघतोय."

"धूर नाही, हवेतलं बाष्प आहे."

"हवंतलं हाय तर दिसतंय कसं?"

भावोजींनी चांदणी चौकापासून पौडपर्यंत त्याला समजावून सांगितलं. शेवटी कंडक्टरनं हात जोडले आणि पुढच्या खेपेपासून त्यांच्यासाठी मागचं सबंध बाकडं मोकळं ठेवायला सुरुवात केली. बायका लांबूनच त्या चंबूला नमस्कार करत.

पण गावातल्या बायकांना खरी आपली वाटली ती नळी, भावोजींनी तिला शेकायला घेतली तेव्हा. पोलादाच्या अंगात मुरलेली हवा आणि ओल बाहेर काढायला नळीला विजेचे गरम पट्टे गुंडाळून, वर जाड कापड लपेटून दिवसचे दिवस भाजतात. मुंबईच्या तारांमधली थोडी वीज त्यासाठी बोगद्यात वळवून घेतली होती. हे कळल्यावर पाणवठ्यावर मला रोज विचारणा व्हायची, "मास्तरीणबाई, नळीला शेक झाला का? वारं लागू दिऊ नगा म्हनावं." एकीनं तर बाळंतशेपा पाठवल्या. भावोजींनी त्या बोगद्याच्या दाराबाहेर ठेवून घेतल्या आणि रोज जेवल्यावर चिमूटभर खाल्ल्या.

बोगद्यावर भावोजींच्या हाताखाली गावचे एक मुकादम होते. साठीला टेकलेले, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, धरणात बापाची जमीन गेलेले. नळीचं सोवळं त्यांनी जसं पाळलं तसं आमच्या सासूबाईंनीही कधी पाळलं नसेल. स्वतःच्या चुलतभावाला त्यांनी पायाचा घोटा नीट धुतला नाही म्हणून बोगद्यातून परत पाठवलं होतं. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा ते भावोजींना विचारत होते, "साहेब, आता नळीत कितपत उरलंय?"

"कण आहेत अजून. पण फार विरळ. आता असं समजा, त्यातला एक कण मोकळा सोडला, तर पौडहून निघून पुण्याला पोचेपर्यंत त्याला वाटेत दुसरा कण भेटणार नाही."

मुकादमांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "अरं देवा! मंग त्याची इचारपूस कोन करनार?"

मी हसले, पण भावोजी हसले नाहीत. ते म्हणाले, "मलाही कधीकधी तसंच वाटतं." मग त्यांनी मला नळीच्या टोकाच्या जाड काचेतून आत बघायला सांगितलं. काळोख मी खूप पाहिले आहेत, मुळशीत पावसाळ्यात दुसरं असतं काय! पण या काळोखाला खोली होती. आवाज जायला वाट नाही, वास नाही, धूळ नाही, ओल नाही. आणि त्यातून उजेडाची एक लाल रेघ कुणाचाही धक्का न लागता जाऊन परत येत होती. आमच्या घरात बसून पोळीच्या कडा जाड म्हणणाऱ्या माणसानं हे केलं आहे, यावर माझा विश्वास बसेना. त्या दिवसापासून मी मोजे न सांगता दोनदा उकळू लागले.

काटा हळूहळू खुणेकडे सरकत होता. गावात "राम राम"च्या आधी "काटा कुटवर आलाय?" असं विचारायची पद्धत पडली होती. दसऱ्याच्या तोंडावर भावोजींना आरसा किंचित हलवणं भाग पडलं. नळीत कोरडा वायू भरून त्यांनी शेवटचं झाकण काढलं, आरसा बसवला, तांब्याची नवी चकती आणायला ते पुण्याला गेले, आणि जाताना झाकण आतून पुसून, स्वच्छ फडक्यात झाकून मुकादमांच्या राखणीत ठेवलं. दसऱ्याचं सोनं वाटायला परत आले, दुसऱ्या सकाळी, पुसून ठेवलेल्या आतल्या बाजूला वारा लागू नये म्हणून फडकं शेवटच्या क्षणी ओढून घेत झाकण बसवलं, समोरासमोरचे बोल्ट आवळले आणि पंप सुरू केला. काटा निघाला, झपाट्यानं उतरला, आणि खुणेच्या बराच अलीकडे येऊन अडला.

मग सुरू झाला गळतीचा शोध. ब्रशनं सांध्या-सांध्यावर स्पिरिट लावायचं आणि काट्याकडे बघायचं. गळती असेल तिथे काटा दचकतो. काटा कुठेच दचकेना. भावोजींनी सगळी नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली, मग उलटीकडून तपासली. जेवताना त्यांचा घास हातात राहायचा. यजमान म्हणाले, "अरे, एखादा सांधा गळत असेल." त्यावर भावोजी पानावरून उठून गेले. नळी पुन्हा शेकली, तर काटा उतरण्याऐवजी उलट वर चढला. मुकादमांनी तर देव पाण्यात घातले होते. दिवाळी जवळ येत चालली आणि भावोजींचे गाल आत गेले.

शेवटी एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर ते एकटेच होते. "वहिनी," ते म्हणाले, "हवा बाहेरून येत नाही. आतलंच काहीतरी वाफ सोडतंय. आम्ही काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो." नळी आता उघडायची म्हणजे एवढ्या दिवसांचं सगळं पाण्यात घालायचं आणि मंडळी यायच्या आत पुन्हा तिथवर पोचणं अशक्य, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी उघडली. पंप बंद केला, झाकण काढलं, उलटं करून दिव्याखाली धरलं.

झाकणाला आतून, बरोबर मधोमध, कुंकवाचा टिळा लावलेला होता. भाजून भाजून काळपट झालेला, पण गोल रेखीव.

मी डोळे मिटून घेतले. बोटाच्या एका ठशावरून या माणसानं माझ्या यजमानांशी अबोला धरला होता. आता बोगदा कोसळणार, असं मला वाटलं. डोळे उघडले, तर भावोजी झाकण डोळ्यांजवळ धरून बघत होते. "खाली मेण लावलंय," ते म्हणाले. "नाहीतर उभ्या पोलादावर टिकलं नसतं." नंतर झाकण मांडीवर ठेवून ते म्हणाले, "वहिनी, मुकादमांना सहज विचारा, दसऱ्याची पूजा कशी केलीत. नुसतं विचारा. हे काही सांगू नका."

मी संध्याकाळी मुकादमांच्या घरी गेले. दसऱ्याचं नाव काढताच म्हातारा खुलला. "म्या म्हनलं, इळ्याला पूजा, कोयत्याला पूजा, पाभरीला पूजा. आन् समद्यात थोर हत्यार ते बोगद्यात, त्येला न्हाई? पर उगं न्हाई शिवलो, मास्तरीणबाई. अंघूळ केली, धुतल्यालं धोतर न्येसलो, तोंडाला फडकं बांधलं, साहेबांचं पांढरं मोजं घातलं, मंगच हात लावला."

"पण आतून का लावलंत?" मी विचारलं.

"भायेर लावलं तर साहेब सकाळच्याला इस्पिरिटनं पुसत्यात की! आत कोन पुसनार? कारभारणीच्या फणेरपेटीतलं मेन लावलं आदी, मंग कुंकू. जलमभर पडायचं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साहेबास्नी बोलू नगा. काटा खुणंवर येऊन मोटी नळी हितंच बांदायला घेतली की मीच सांगनार हाय."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. एवढी वर्षं झाली तरी सांगते, मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला होता, आणि तरी त्याच्या कारभारणीनं दिलेला चहा पिऊन मी उठले. घरी येऊन मी सगळं सांगितलं. भावोजी म्हणाले, "मोजे घातले होते ना?" आणि हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग शांत झाले. म्हणाले, "त्यांना कळता कामा नये. कळलं तर हा माणूस पुन्हा कशाला हात लावणार नाही." त्यांनी झाकण स्वतः घासून काढलं, पंप लावला, पट्टे गुंडाळले, आणि जे काही थोडे दिवस उरले होते ते नळी शेकण्यात घालवले.

मुंबईची मंडळी आली तेव्हा काटा खुणेपासून दूरच होता. मी पोहे घेऊन गेले होते, मुकादम चहाचा ट्रे धरून दारात उभे होते. त्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबांनी गेजकडे बघितलं, मग भावोजींकडे. "इतक्या अवधीत एवढंच? कारण काय?"

भावोजींनी गेजची काच फडक्यानं पुसली.

"गळती असणार," साहेब म्हणाले. "हे असले सांधे हातानं बसवायचे म्हणजे..."

मी भावोजींकडे बघत होते. खरं कारण सांगितलं असतं तर मंडळी हसली असती, म्हाताऱ्याचं काम त्याच दिवशी गेलं असतं, पण आणखी महिनाभर मुदत नक्की मिळाली असती. मैलभराची नळी कदाचित इथेच झाली असती. पुरणपोळीच्या कडा जाड आहेत म्हणणारा तो माणूस एकदा दाराकडे बघून म्हणाला, "हो. गळतीच आहे. सांधा मी आवळला होता." मोठ्या साहेबांनी मान हलवली. मुकादमांनी चहाचा ट्रे आधी भावोजींच्या पुढे नेला.

वेधशाळा दुसरीकडे जाणार हे त्याच दिवशी ठरलं. नळी उचलायला ट्रक येईपर्यंत मात्र पंप बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि भावोजींनीही कुणाला विचारलं नाही. आवरासावर करता करता काटा उतरत राहिला. एका सकाळी मुकादम आमच्या अंगणात पळत आले, या वयात, अनवाणी. "चला, चला, साहेब बोलावत्यात!" आम्ही गेलो. काटा खुणेच्याही पलीकडे गेला होता. पण भावोजी त्याच्याकडे बघत नव्हते. कागदाच्या फिरत्या गुंडाळीवर उजेडाची खबर शाईनं उमटत होती. ती रेघ आदल्या दिवसापासून हळूच वर गेली होती, खाली आली होती, पुन्हा वर चालली होती. चंद्र समुद्राला ओढतो तसा जमिनीलाही ओढतो, भावोजी म्हणाले. दगड, डोंगर, धरण, शाळा, सगळं दिवसातून दोनदा फुगतं आणि बसतं. "आत्ता या क्षणी आपण वर चाललोय, वहिनी. सबंध मुळशी वर चाललीय, आणि कुणाला पत्ता नाही."

मुकादमांनी मोजा काढला. बोगद्यात उघडा हात त्यांनी कधी कशाला लावला नव्हता. खाली वाकून त्यांनी तळवा खडकावर टेकवला आणि तसेच राहिले. "बैल बसल्यावर त्याची कूस हालती बगा," ते हळूच म्हणाले, "तसंच की वो." बाहेर कुणीतरी गुरं हाकत चाललं होतं, त्याचा आवाज येत होता. मी इतकी भारावून कधी उभी राहिलेली नाही, देवळातसुद्धा नाही.

तो कागद भावोजींनी मुंबईला पाठवला. उत्तम काम झालं आहे, पण जागा आता ठरलेली आहे, असं उत्तर आलं. मग ट्रक आला. भावोजींनी स्वतः झडप उघडून नळीत हवा सोडली. सांधे सुटे झाले, तुकडे वर चढले. शेवटचा तुकडा चढत असताना मुकादम त्यांच्याजवळ गेले आणि फेटा सारखा करत म्हणाले, "साहेब, येक बोलू का? राग मानायचा न्हाई."

"बोला ना."

"तुमचा सांधा गळला म्हून तुमी मनाला लावून घेतलंया. मला दिसतंय ते. आवो, व्हतं असं. कितीबी जपलं तरी मानसाच्या हातनं चुकतंय. गावात कुनी नाव ठिवलं तर मी हाय हितं. मी सांगीन, साहेब लई राबला म्हून."

भावोजींनी त्यांच्याकडे बघितलं. "नाही लावून घेत," ते म्हणाले.

पुढे भावोजी मुंबईच्या कचेरीत टेबलामागे बसले. पुन्हा त्यांच्याकडे कुणी नळी दिली नाही. वर्षातून एकदा ते आमच्याकडे येत आणि पिशवी ठेवून आधी मुकादमांच्या घरी जात. म्हातारा त्यांना घोंगडीवर बसवी, गुळाचा चहा पाजी आणि दर वेळी नव्यानं समजूत घाली, की सांधा कच्चा राहिला म्हणून काय झालं, माणूस पक्का आहे. भावोजी मान खाली घालून सगळं ऐकून घेत आणि कप ठेवता ठेवता म्हणत, "तुम्ही म्हणता तेच खरं, मुकादम."

आता दोघंही नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही. त्या नळीचा एकही सांधा कधी गळला नव्हता.